जमेची बाजू

आईच्या ट्रंकेत तळाशी एक कीर्दवही आहे. लाल कापडाच्या बांधणीची, उभट, माझ्या वडिलांच्या, आण्णांच्या, सेलमच्या दुकानातली. पहिल्या बारा पानांवर आण्णांच्या हातचा हिशेब आहे : कुणाकडून किती तोळे जुनं सोनं आलं, गाळून किती निघालं, तूट किती गेली. तेराव्या पानापासून अक्षर बदलतं. आई चौथीपर्यंत शिकलेली. तिचे आकडे मोठे आणि सुटे, एकेकाला वेगळ्या पाटावर बसवल्यासारखे. डाव्या बाजूला, जमेच्या रकान्यात तारीख आणि तारखेपुढे एक नंबर. असे १८७ नंबर आहेत. उजवी बाजू, नावेची, प्रत्येक पानावर कोरी.

ते नंबर रक्तपेढीच्या पिशव्यांवरचे. माझ्या धाकट्या भावाच्या अंगात जेवढ्या पिशव्या गेल्या, तेवढ्यांचे.

आमचं गाव सांगली जिल्ह्यात, विट्याजवळ. पाऊस बेभरवशाचा, जमीन माळाची. म्हणून खानापूर-आटपाडीकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या सोनं-चांदी गाळायला परमुलखात गेली. कोळशाची भट्टी, मूस आणि तेजाबाची बरणी एवढ्या भांडवलावर ती दिल्लीपासून मदुराईपर्यंत पसरली. आण्णा सेलमला होते. तेजाबानं त्यांच्या बोटांची कातडी कायम पिवळी असायची. लहानपणी मला वाटे, सोन्याचाच रंग लागलाय.

भाऊ (आम्ही सगळे त्याला भाऊच म्हणत असू) १९७६ चा. रांगायला लागला तसे त्याच्या गुडघ्यांवर काळेनिळे डाग उठू लागले. दोन वर्षांचा असताना पडला आणि जीभ दाताखाली आली. रक्त फार जोरात येत नव्हतं, पण थांबतही नव्हतं. तीन दिवस झिरपत राहिलं. हळद झाली, तुरटी झाली, अंगारा झाला. चौथ्या दिवशी थांबलं तेव्हा पोर कागदासारखं पांढरं पडलं होतं. आजी आईला म्हणाली, "हे तुझ्या म्हायेरचं हाय." आईचा एक भाऊ नऊ वर्षांचा असताना दात पडल्याचं निमित्त होऊन गेला होता. आजीचं म्हणणं वैद्यकाच्या दृष्टीनं खरं होतं. ज्या तोंडानं ते आईला रोज ऐकवलं गेलं, ते मात्र मी विसरलेले नाही.

पुढची तीन वर्षं आई ते ऐकत गावातच राहिली. १९८१ मध्ये भावाचा उजवा गुडघा नारळाएवढा सुजला आणि आण्णा आम्हा सगळ्यांना सेलमला घेऊन गेले. तिथून रेल्वेनं काटपाडी, आणि काटपाडीहून वेल्लोर. ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात भावाच्या दुखण्याला पहिल्यांदा नाव मिळालं : हिमोफिलिया. रक्त गोठवणारा आठव्या क्रमांकाचा घटक त्याच्या रक्तात जवळजवळ नव्हताच.

डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. आईकडून मुलाकडे कसं येतं, मुलगी स्वतः बहुधा बरी राहून ते पुढे कसं नेते. ते इंग्रजीत आणि तमिळमध्ये बोलत होते. आण्णांना तमिळ चांगलं येत होतं, आईला अजिबात नाही. तिनं विचारलं, "काय म्हंत्यात?" आण्णा म्हणाले, "कुणाकडनंबी येतं म्हंत्यात. कुणाचा दोष नसतुया."

मी दहा वर्षांची होते. एवढं लांबलचक बोलणं दोन वाक्यांत कसं बसलं, याचंच मला तेव्हा नवल वाटलं. पुढे कॉलेजात असताना हिमोफिलियावर पहिलं पुस्तक वाचलं तेव्हा कळलं की आण्णांनी अर्धंच सांगितलं होतं. तोवर ते गेले होते. मी आईजवळ भीतभीत विषय काढला. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "मला त्याच दिशी कळलं हुतं. चित्र काढताना डॉक्टरचं बोट सारखं माझ्याकडं येत हुतं. पण तुझ्या आण्णांनी तसं सांगितलं म्हणून मी ऱ्हायले." माझं काम रुग्णांसाठी देणग्या मिळवण्याचं. मी आयुष्यात बरीच देणगीपत्रं लिहिली, वाचली, फाइलीला लावली. आण्णांच्या त्या दोन वाक्यांएवढं दान मी पाहिलेलं नाही.

वेल्लोरच्या वॉर्डात मिरजेकडची एक नर्स होती. मराठी माणूस भेटलं की तिला बोलण्याची भूक लागायची. तिनं आईला आयडा स्कडरची गोष्ट सांगितली. मिशनऱ्यांच्या घरातली अमेरिकन मुलगी, भारतात राहायचं नाही असं ठरवून बसलेली. एका रात्री तीन घरांतले तीन पुरुष पाठोपाठ दारात आले. तिघांच्याही बायका बाळंतपणात अडलेल्या. वडील डॉक्टर होते, पण परपुरुष चालणार नाही असं तिघांनीही सांगितलं. सकाळपर्यंत तिन्ही बायका गेल्या. त्या एका रात्रीमुळे मुलगी डॉक्टर व्हायला परत गेली आणि १९०० मध्ये एका खाटेचा दवाखाना घेऊन वेल्लोरात बसली. दोन वर्षांत ४० खाटांचं रुग्णालय उभं राहिलं. त्याचे दहा हजार डॉलर न्यूयॉर्कच्या शेल नावाच्या एका बँकवाल्यानं आपल्या मृत पत्नीच्या आठवणीसाठी दिले होते.

आईला या गोष्टीतली आयडा जितकी आवडली, तितकाच तो बँकवालाही. "बायको गेली, तर दुसऱ्याच्या बायका वाचाव्यात असं वाटलं त्याला," असं ती सेलमला परतल्यावर शेजारणींना सांगायची. माझा व्यवसाय काय आहे हे लोकांना समजावताना मी आजही तिचंच वाक्य थोडं फिरवून वापरते.

भावाचा उपचार म्हणजे क्रायो. अमेरिकेत ज्युडिथ पूल या संशोधक बाईंनी १९६४ च्या सुमारास दाखवून दिलं होतं की गोठवलेला रक्तद्रव फ्रिजच्या थंडाव्यात सावकाश वितळू दिला, तर तळाशी पांढरा गाळ उरतो आणि आठवा घटक त्या गाळात एकवटतो. तो गाळ म्हणजेच क्रायो. कारखाना लागत नाही, महाग औषध लागत नाही. चांगली रक्तपेढी हवी आणि रक्त देणारी माणसं हवीत. एका माणसाच्या रक्तातून एक पिशवी, एका पिशवीत ऐंशी ते शंभर युनिट. वीस किलोच्या मुलाचा गुडघा शांत करायला अशा दोन-तीन पिशव्या लागत. म्हणजे प्रत्येक खेपेला दोन-तीन माणसं. आण्णांना हे चटकन समजलं. ते म्हणाले, हे आमच्या धंद्यासारखंच आहे, शेरभर गाळायचं तेव्हा गुंजभर हाती येतं.

पिशव्या घेतल्या की बदली रक्त द्यावं लागे. म्हणून काही रविवारी सेलममधले आमच्याकडचे सोनं गाळणारे गलाईवाले भट्ट्या विझवून पहाटेच्या गाडीला बसायचे. सहा-सात जण असत, कुणी बलवडीचा, कुणी लेंगऱ्याचा, कुणी आटपाडीचा. त्यांतला एक सुईला इतका भ्यायचा की रक्त देताना डोळे मिटून मोठ्यानं विठ्ठल विठ्ठल म्हणायचा, आणि तरी दर वेळी यायचा. परतीच्या गाडीत आई सगळ्यांना दशम्या द्यायची.

पण त्यांचं रक्त पेढीत जायचं. भावाला लावलेली पिशवी दुसऱ्याच कुणाची असायची. मी एकदा नर्सला विचारलं, "ही कुणाची?" ती म्हणाली, "नाव नसतं गं, नंबर असतो." आईनं ते ऐकलं. त्या रात्री तिनं आण्णांकडून जुनी कीर्दवही मागून घेतली.

आमच्याकडे उसनवारीचा एक दंडक होता. वाटीभर पीठ आणलं, तर परत देताना वाटीला शीग लावून द्यायची. आईनं तो कधी मोडला नाही. इथं मात्र वाटी कुणाच्या दारी परत न्यायची हेच कळत नव्हतं. कुणी वाण्याचा पोरगा असेल, कुणी शिपाई, कुणी कॉलेजातली मुलगी. निदान नोंद तरी असावी, एवढंच तिच्या मनात असावं. तिला तमिळचे दोन शब्द पक्के येत होते : 'वलि' म्हणजे दुखणं, आणि 'रत्तम'. दुसरा शिकावाच लागला नाही, असं ती म्हणायची.

आता एक कडू प्रसंग. तो सांगितल्याशिवाय मी या कामात कशी वागते हे समजणार नाही. भाऊ अकरा वर्षांचा असताना सांध्याच्या उपचाराला मोठी रक्कम लागणार होती. एका शहरातल्या एका धर्मादाय मंडळानं अर्ज मंजूर केला. चेक घ्यायला समारंभाला बोलावलं. पाहुणे उशिरा आले. मंडळाच्या माणसानं आईला आणि भावाला व्यासपीठाच्या कडेला उभं करून ठेवलं, कारण पाहुणे आल्याबरोबर फोटो घ्यायचा होता. भावानं आईचा पदर दोनदा ओढला. आईनं खुर्ची मागितली नाही. मागितली तर चेक हातचा जाईल, असं तिला वाटलं. पाऊण तासानं फोटो निघाला. फोटोत भाऊ हसतो आहे. त्या रात्री त्याच्या घोट्यात रक्त उतरलं, आणि मिळालेल्या पैशांतले पहिले पैसे त्या घोट्यावर खर्च झाले.

त्या मंडळातली माणसं वाईट नव्हती. त्यांनी पैसे दिले आणि ते आमच्या कामी आले. तेही देणंच आहे, आणि मी ते मानते. पण घेणाऱ्याला उभं ठेवण्याचा हक्क देणाऱ्याला कुणी दिला, हा प्रश्न तेव्हापासून माझ्या अंगात रुतून बसला आहे.

आण्णा १९९० मध्ये छातीच्या विकारानं गेले. आम्ही गावी परतलो. वेल्लोर तुटलं. जवळपास क्रायो मिळेलच याची खात्री नसे, मग साधा रक्तद्रव चढवायचा आणि वाट बघायची. परदेशी बनावटीचा कोरडा फॅक्टर, म्हणजे तोच आठवा घटक, कुपीत मिळायचा, पण एका कुपीची किंमत ऐकूनच आई उठून जायची. बी.कॉम. करून मी पुण्याला समाजकार्य शिकायला गेले.

भाऊ वीस वर्षांचा झाला. टायपिंगच्या दोन परीक्षा दिल्या, पोस्टात चिकटण्याची स्वप्नं पाहत होता. १९९६ च्या पावसाळ्यात एस.टी.तून उतरताना त्याचं डोकं दाराच्या दांडीवर आपटलं. जखमही नव्हती. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं, रात्री उलट्या झाल्या. पन्नास किलोच्या माणसाच्या डोक्यात रक्त सुटलं तर फॅक्टरची पातळी शंभर टक्क्यांवर न्यावी लागते. त्याला अडीच हजार युनिट लागतात, क्रायोच्या पंचवीस ते तीस पिशव्या. त्या रात्री ज्या रुग्णालयात आम्ही पोचलो, तिथं मिळून चार पिशव्या होत्या. बाकीच्या आणायला गाडी गेली. गाडी परत आली तेव्हा उजाडलं होतं. भाऊ पहाटे गेला.

त्या चार पिशव्यांचे नंबर आईनं दहाव्या दिवसानंतर वहीत उतरवले. ते शेवटचे चार. मी तिला म्हटलं, "आता कशाला?" ती म्हणाली, "त्यांनी दिलं हुतं की."

जागतिक हिमोफिलिया संघटनेनं फॅक्टर दान म्हणून गरीब देशांना पाठवण्याची योजना त्याच साली, १९९६ मध्ये सुरू केली. ती संघटना १९६३ मध्ये उभी करणारा फ्रँक श्नाबेल स्वतः हिमोफिलियाचा रुग्ण होता, आणि दूषित रक्तघटकांतून आलेल्या एड्सनं १९८७ मध्ये गेला. आपल्याकडचं हिमोफिलिया फेडरेशन १९८३ मध्ये सुरू करणारे अशोक वर्माही रुग्णच. ज्याला सोसावं लागलं त्यानंच दार बांधायचं, असं या आजारात फार वेळा घडलं आहे. हे सगळं मला नंतर कळलं. कळल्यावर रागही आला, की दार आमच्यापासून थोडक्या अंतरावर होतं.

१९९७ मध्ये मी पुण्यातल्या एका लहान न्यासात लागले. काम : गरजू रुग्णांचे अर्ज तपासणं आणि देणगीदारांकडे जाणं. तेव्हा वाटलं होतं वर्षभर करीन. अठ्ठावीस वर्षं झाली.

या कामाचं वर्णन लोक फार मोठ्या शब्दांत करतात. प्रत्यक्षात ते कागदांचं काम आहे. रेशन कार्ड पिवळं की केशरी, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला कधी संपतो, रुग्णालयाच्या अंदाजपत्रकात औषधाचा आकडा किती, कुठल्या न्यासाची सभा कुठल्या तारखेला. धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि १० टक्के दुर्बलांना सवलतीत द्यायच्या, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयानं २००६ मध्ये घालून दिली. ती कागदावर आली, पण आटपाडीच्या बाईला हे सांगायचं कुणी? मी सांगायचे. माझ्या टेबलाच्या काचेखाली ती योजना मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवली होती. अर्ज भरता भरता बायका ती वाचायच्या, आणि काही जणी अर्ज न देता थेट रुग्णालयात जायच्या. त्या दिवशी मला सगळ्यात जास्त आनंद व्हायचा. न्यासाचा पैसा वाचला म्हणून नाही, तर ती बाई मागायला न जाता हक्कानं गेली म्हणून.

२०१३ च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांवर नफ्याचे २ टक्के समाजासाठी खर्चण्याचं बंधन आलं आणि माझ्या कामाचा चेहरा बदलला. आता कंपन्यांच्या कार्यालयांत जाऊन पडद्यावर आकडे दाखवावे लागतात. किती लाभार्थी, एका लाभार्थीमागे खर्च किती. मी ते शिकले. पण 'लाभार्थी' हा शब्द माझ्या तोंडून अजून नीट निघत नाही. भाऊ लाभार्थी होता का? मग १८७ जण कोण होते?

आमच्या कार्यालयात मी दोन गोष्टी चालू दिल्या नाहीत. चेकचा फोटो नाही. आणि आलेलं माणूस बसल्याशिवाय त्याला प्रश्न विचारायचा नाही. पहिल्या गोष्टीपायी दोन देणगीदार सोडून गेले. त्यांतले एक तीन वर्षांनी परत आले. त्यांच्या नातवाला थॅलेसेमिया निघाला होता आणि त्याला दर महिन्याला रक्त लागत होतं. ते माझ्यासमोर बसले आणि बराच वेळ काहीच बोलले नाहीत. मी चहा मागवला.

दरम्यान बरंच पालटलं. पैसे देऊन घेतलेल्या रक्तावर १९९८ पासून बंदी आली. जिल्हा रुग्णालयांत फॅक्टर मोफत मिळू लागला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात हिमोफिलियाचा समावेश झाला. २०२४ च्या डिसेंबरात तर वेल्लोरहूनच बातमी आली. तिथल्या डॉक्टरांनी पाच रुग्णांच्या मूळपेशींत आठव्या घटकाचं जनुक घालून त्या परत शरीरात सोडल्या, आणि देखरेखीच्या साऱ्या काळात पाचांपैकी कुणालाही रक्तस्राव झाला नाही. मी ती बातमी आईला दोनदा वाचून दाखवली. ती म्हणाली, "त्येच दवाखान्यात?" आणि मग, "पायऱ्या हायत का अजून तशाच? भाऊ त्या पायरीवर बसायचा."

स्वतःबद्दल एक सांगायचं राहिलं. शिक्षण संपताना मी माझी तपासणी करून घेतली. मी वाहक आहे, आणि माझ्याही रक्तात आठवा घटक कमीच आहे. दोन ठिकाणी जमलेली लग्नं या बातमीनं मोडली. तिसऱ्या ठिकाणी मी पहिल्याच भेटीत सगळं सांगितलं, आणि समोरच्या माणसानं विचारलं, "तुमच्या भावाचा फोटो आहे का?" त्याच्याशी माझा संसार झाला.

पण त्या तपासणीचा दुसरा अर्थ असा की मला रक्तदान करता येत नाही. न्यासाच्या दर शिबिरात मी खुर्च्या मांडते, नावं लिहून घेते, बिस्किटं वाटते आणि पलंगापाशी जाऊन परत फिरते. आमच्या घरी जे आलं ते रक्ताच्या रूपात आलं. मला ते त्या रूपात कधीच देता आलं नाही. म्हणून पैसे गोळा करत राहिले, असंही कुणी म्हटलं तर मी नाकारणार नाही.

माझी मुलगी जानेवारीत अठराची झाली. तपासणी करायची की नाही हे मी तिच्यावर सोडलं होतं. ती स्वतःहून गेली. ती वाहक नाही. निकालाचा कागद तिनं माझ्या हातात दिला आणि त्याच आठवड्यात मला न सांगता रक्तपेढीत गेली. घरी आली ती कोपराच्या आत चिकटपट्टी लावूनच. सरळ आजीच्या खोलीत गेली, ट्रंक उघडली, वही काढली. पिशवीचा नंबर तिनं तिथल्या तंत्रज्ञाला विचारून तळहातावर लिहून आणला होता. घामानं शेवटचे दोन आकडे फिसकटले होते, पण वाचता येत होते.

ती १९९६ च्या त्या चार नंबरांखाली लिहायला लागली. आईला आता नीट दिसत नाही. तिनं नातीचा हात चाचपून धरला.

"तिकडं न्हवं बाळ," ती म्हणाली. "ती जमेची बाजू. ह्ये नावंला टाक."

मुलीला जमा-नावे ठाऊक नव्हतं. आईनं तिचं बोट धरून पानाच्या उजव्या बाजूला नेलं, आणि वरची पहिली ओळ दाखवली.